आखूडभाऊ

बल्लारपूरचे आखूडभाऊ पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरबसल्या प्रोग्रॅम लिहितात. त्यांनी लिहिलेली फंक्शनं इतरांनी नावानं हाक मारून वापरायची, आत डोकवायचं नाही, हा या धंद्याचा रिवाज. भाऊंच्या फंक्शनांची नावं: 'पी', 'पी२', 'टीएमपी' आणि फारच अडलं तर 'एक्सएक्स'. एका पोरीनं भीतभीत 'कापलेली रक्कम परत करा' असं काहीतरी सुचवलं. भाऊ म्हणाले, "हे नाव आहे का लग्नपत्रिका?"

वाद वाढला की भाऊ युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा दाखला काढतात. तिथे फाइल बनवायच्या आज्ञेत 'क्रिएट'चा शेवटचा 'ई'सुद्धा उडवलाय! तेव्हा काटकसरीला कारणंही होती म्हणा. १९८९ च्या सी भाषेच्या मानकातसुद्धा एका फाइलीतून दुसरीत वापरायच्या नावाची पहिली ६ अक्षरंच ओळखली जातील, एवढीच हमी होती. पण युनिक्सचे कर्ते केन टॉम्पसन यांना विचारलं, की पुन्हा बनवलंत तर काय बदलाल, तर ते म्हणाले होते, त्या नावाला 'ई' लावीन. एवढं सांगायचं भाऊ नेमके विसरतात.

त्यांचा हुकमी एक्का मात्र गावचाच. "आपल्या बल्लारशाह स्टेशनचा रेल्वे कोड बीपीक्यू. त्यात क्यू कुठून आला, कोणी विचारलं का जी? गाडी थांबते ना!" थांबते, आणि उतरणाऱ्याला गाव कळावं म्हणून फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर पूर्ण नाव हातभर अक्षरांत रंगवलेलं असतं.

घरात डब्यांवरही त्यांनीच चिठ्ठ्या चिकटवल्या: म१, म२, म३. मीठ, मोहरी, मेथी. वहिनी आता झाकण उघडून वास घेतात.

परवा ताडोब्याच्या निमढेला गेटवरून सफारीला गेले. गाईड टी-१२६ या वाघाची, म्हणजे छोटा मटकाची, गोष्ट सांगत होता. भाऊ खूश. "टी-१२६ बस्स झालं की! मटका कायले पायजे?"

गाईड म्हणाला, "मंग त्याचा बाप मटकासुर, हे नंबरावरून तुमाले कसं समजन जी?"

भाऊ वाघ शोधू लागले.

सफारीत मोबाईलला बंदी, त्यामुळे फोन गेटवर जमा. बाहेर आले तर पुण्याचे मिसकॉलच मिसकॉल. 'पी२' काय करतं, हे आख्ख्या ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. भाऊंची छाती फुगली. गाडीत बसता बसता त्यांनी फोन लावला आणि निमढेल्यापासून बल्लारपूरपर्यंत, रस्ताभर, 'पी२' म्हणजे काय ते सांगत राहिले.