एकांताचे आगाऊ आरक्षण

रानात जाऊन राहावे ही ऊर्मी माणसाला अवचित येते, हा गैरसमज कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाने मोडून काढला, हे फार बरे झाले. तिथल्या 'अपर पाइन्स' या तंबूतळावर तंबू ठोकायचा तर ही ऊर्मी पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला, आरक्षण उघडते त्या सकाळी सातच्या ठोक्याला यावी लागते. सात वाजून दहा मिनिटांनी आली, तर ती नुसती हौस.

मग सुरू होतो एकांत. दोनशेहून अधिक जागा, दर जागेला सहा माणसे. जनरेटरच्या वेळा दवाखान्यासारख्या: सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2, संध्याकाळी 5 ते 7. मधल्या वेळेत निसर्ग.

अन्न, टूथपेस्ट, साबण, वास येणारे सगळे लोखंडी पेटीत. पेटीची कडी अस्वलाला उघडता येऊ नये अशी घडवलेली आहे. संगणक अभियंत्याला अंधारात उघडता यावी, अशी अट नसावी.

इथल्या हाफ डोम या डोंगरावर तारा धरून चढायला लॉटरी आहेच. आता त्याच्याकडे बघायलाही लावावी. नंबर न लागलेल्यांनी डोंगराकडे पाठ करून चहा घ्यावा.

राहता राहिले अस्वल. ते पिढ्यान् पिढ्या इथे विनापरवाना राहते. पेटी उघडी राहिली आणि त्याने आतले सॉसेज खाल्ले, तर माणसाला दंड होतो. अस्वलाला चटक लागली, तर कधी कधी त्याला मारावे लागते. आरक्षण नव्हते ना त्याच्याकडे.