नंबरप्लेट नव्हे, गाडी तपासा

कोल्हापुरात तावडे हॉटेलजवळ, पुण्यात नवले पुलाखाली किंवा बांद्याच्या पुढे गोव्याच्या हद्दीवर नाकाबंदी लागली की अर्धा तास बाजूला उभे राहून बघा. केए पासिंग आली, शिट्टी. जीए पासिंग आली, शिट्टी. टीएन, केएल, यूपी आली, गाडी बाजूला घ्या. तेवढ्यात एमएच पासिंगची एखादी जीप येते. काचा काळ्या, पुढे लोखंडी गार्ड, टपावर दिव्यांची पट्टी, चाके मडगार्डच्या बाहेर आलेली, सायलेन्सरचा आवाज चौकाच्या पलीकडे जाणारा. ती निघून जाते. हद्द ओलांडून गोव्यात गेलात तर चित्र उलटे असते. तिथे एमएच दिसले की हात वर होतो.

ही तपासणी नाही. परक्या गाडीचा माणूस घाईत असतो, त्याची ओळखपाळख नसते, भाषेचीही अडचण असते, म्हणून तो लवकर पैसे काढतो, एवढाच हिशेब त्यामागे असतो. तो बंद झाला पाहिजे.

आधी कायदा बघू. मोटार वाहन कायद्याचे कलम 47 सांगते की, एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे 12 महिन्यांच्या आत बाहेरची पासिंग हा गुन्हा नाही. बेळगावचा माणूस सकाळी केए-22 घेऊन चंदगडला येतो आणि संध्याकाळी घरी जातो. त्याच्यासाठी हे 12 महिने कधी सुरूच होत नाहीत. तरीही त्याला विचारतात, ‘महाराष्ट्राचा टॅक्स भरलाय का?’

खरी मेख पुढे आहे. गाडी राज्यात कधी आली, याची सरकारदरबारी नोंदच नसते. पोलिसाच्या हातातल्या यंत्रावर नोंदणीची तारीख दिसते, मालकाचे नाव दिसते, विमा दिसतो. हद्द ओलांडल्याची तारीख दिसत नाही. मग हवालदार म्हणतो, दोन वर्षे इथेच आहे. मालक म्हणतो, चारच महिने झाले. सिद्ध कोणी करायचे? टोलच्या पावत्या, फास्टॅगचा हिशेब, घरभाड्याचा करार असे पुरावे मालकाने रस्त्यावर उभे राहून मोबाइलमध्ये शोधायचे आणि मागे त्याची लेकरे गाडीत तापत बसायची. अशा वेळी वादाचा शेवट कायद्याने होत नाही, तोडपाण्याने होतो.

आता कोणी म्हणेल, मग क्रमांक बदलून घ्यावा. घ्यावाच. पण त्याची वाट चालून बघा. जुन्या आरटीओची एनओसी आणायची. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणायचे. मग इथे पुन्हा कर भरायचा. महाराष्ट्रात नव्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे 11 ते 13 टक्के आणि डिझेलला 13 ते 15 टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, तरी रक्कम काही थोडी नसते. पहिल्या राज्यात 15 वर्षांचा कर आधीच भरलेला असतो. त्यातला उरलेला भाग परत मिळतो, पण इथे भरल्यानंतर आणि तिथल्या कार्यालयाचे उंबरठे झिजवल्यानंतर. नोकरीसाठी चेन्नईहून पुण्यात आलेला पगारदार माणूस इथेच थकतो.

2021 मध्ये केंद्राने बीएच मालिका आणली. दोन-दोन वर्षांचा कर भरा आणि क्रमांक न बदलता देशभर फिरा. कल्पना उत्तम आहे. पण ती सरकारी नोकरांना, संरक्षण दलातल्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या नोकरांनाच मिळते. छोटा व्यावसायिक, शिक्षक, परिचारिका, गवंडीकामाचा ठेकेदार यांनी काय करायचे? त्यांनाही पोटासाठी राज्ये बदलावी लागतात.

कर चुकवणारे आहेतच. पुदुच्चेरीच्या खोट्या पत्त्यावर महागड्या गाड्या नोंदवून केरळात फिरवल्याची प्रकरणे 2017 मध्ये बाहेर आली आणि गुन्हेही दाखल झाले. ती चोरी होती आणि तिला चोरीच म्हटले पाहिजे. पण ती कागद तपासून सापडली. प्रत्येक बाहेरच्या पासिंगला चौकात बाजूला घेऊन अशी चोरी सापडत नाही.

आता मॉडिफाय केलेल्या गाड्यांकडे वळू. इथे मालकांनाही सरळ ऐकवायला हवे. कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. सीएनजी किट बसवले किंवा रंग बदलला, तर आरसी पुस्तकात नोंद हवी. ‘गाडी माझी, पैसा माझा’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण रस्ता सगळ्यांचा आहे.

पुढच्या लोखंडी गार्डचेच घ्या. ते बसवणाऱ्याला वाटते, गाडी वाचेल. प्रत्यक्षात धडकेचा जोर शोषून घेण्यासाठी गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपणारा बनवलेला असतो आणि एअरबॅगचे सेन्सरही त्याच धक्क्यावर चालतात. गार्ड मध्ये आला की धक्का सरळ चासीवर जातो आणि एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला तर बोनेटऐवजी लोखंडी पाइप लागतो. म्हणूनच डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना या गार्डवर कारवाई करायला सांगितले. टपावरची दिव्यांची पट्टी घाटात समोरच्याला आंधळे करते. या गोष्टींवर दंड व्हायलाच हवा आणि एमएच पासिंगवर तो तितकाच कडक हवा.

पण सगळेच बदल मिरवायला केलेले नसतात. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांचे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. त्यांच्या गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला एक दांडा आहे. आत ढकलला की ब्रेक लागतो, अंगाकडे ओढला की वेग वाढतो. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. आरसीवर त्याची नोंद आहे आणि लायसन्सही त्याच प्रकारचे आहे. गाडीची पासिंग कर्नाटकची. एका नाक्यावर हवालदाराने तो दांडा पाहिला आणि फर्मावले, ‘मॉडिफाय केलंय, खाली उतरा.’ खाली उतरा! कुबड्या मागच्या सीटवर होत्या. 2019 च्या दुरुस्तीने अपंग चालकांसाठी केलेल्या अशा बदलांना कायद्यात स्पष्ट जागा दिली आहे. ती नाक्यावरच्या माणसाला कोणी शिकवलेली नव्हती. हा दोष त्या हवालदारापेक्षा त्याला प्रशिक्षणाशिवाय तिथे उभे करणाऱ्यांचा जास्त आहे.

काचांचे तेच. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये काळ्या फिल्मला मनाई केली. पुढे नियम बदलले आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटले की, ठरलेल्या दर्जाचे आणि ही टक्केवारी पाळणारे प्लास्टिक आवरण चालते. म्हणजे कोचीत बिनधास्त फिरणारी काच सांगलीत पावती फाडायला कारण ठरू शकते. 70 आणि 50 टक्के डोळ्यांनी मोजता येत नाहीत. त्याला मीटर लागतो. सायलेन्सरच्या आवाजालाही मीटर लागतो. किती नाक्यांवर तो असतो? हातात यंत्र नसताना केलेला दंड हा अंदाजाचा दंड आहे आणि अंदाजाने दंड घेणे हा अन्याय आहे.

काय करायला हवे ते अवघड नाही. बाहेरची गाडी राज्यात मुक्कामाला आली की मालकाने परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर तशी नोंद करावी आणि त्याच दिवसापासून 12 महिने मोजावेत. ती तारीख पोलिसाच्या यंत्रावर दिसली की नाक्यावरचा निम्मा वाद संपतो. दुसरे, आवाज आणि काच मीटरने मोजा. इंजिन, चासी, चाके यांतल्या बदलांचा निर्णय मोटार वाहन निरीक्षकाला करू द्या, ते हवालदाराचे काम नाही. शंका असेल तर तपासणीची लेखी तारीख द्या. खिडकीतून हात घालून चावी काढून घेण्याचा अधिकार कायद्याने कोणाला दिलेला नाही. तिसरे, बीएच मालिका कर भरायला तयार असलेल्या प्रत्येकाला खुली करा.

आणि गाडीवाल्यांनो, तुम्ही कागद चोख ठेवा. 2018 पासून डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन्स ग्राह्य आहेत. ती दाखवा, आवाज चढवू नका, रोख पैसे देऊ नका. ई-चलान मागा आणि ते चुकीचे वाटले तर तक्रार करा. नाक्यावर गुपचूप दिलेली प्रत्येक पाचशेची नोट पुढच्या परक्या गाडीला थांबवते.

वाहतूक पोलीस उन्हापावसात, धुरात उभे असतात आणि त्यांच्यामुळे अनेक जीव वाचतात. त्यांच्या या कष्टांना अर्थ यायचा असेल, तर त्यांची नजर ब्रेकवर, दिव्यांवर, टायरवर आणि चालकाच्या डोळ्यांवर गेली पाहिजे. अपघात करणारी गाडी कोणत्या राज्याची आहे, याने मेलेल्या माणसाच्या घरच्यांना काडीचाही फरक पडत नाही.