धूर कधी येणार?

ऑगस्ट उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सुविचार मागे पडतात आणि एकच प्रश्न फिरू लागतो: धूर कधी येणार? आधी सौम्य विचारणा होते. मग कुणाच्या तरी भाच्याच्या प्लेटलेट उतरल्याची बातमी येते, मग नगरसेवकांचा नंबर, आणि शेवटी ‘आपण टॅक्स भरतो कशासाठी?’ हा ठेवणीतला सवाल. हा सवाल बहुधा मेंटेनन्स थकवलेले सभासदच विचारतात.

मग एका संध्याकाळी धूर येतोच. खांद्याला यंत्र लटकवलेला, तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस आणि त्याच्यामागे झाडून सगळी पोरं. डिझेलच्या वासाचे पांढरे लोट पार्किंगमधून वर चढू लागतात आणि घटकाभर आमची सी विंग पौराणिक मालिकेतल्या इंद्रदरबारासारखी दिसते. एवढ्यात, ज्यांनी धुरासाठी रान उठवलं होतं, तेच सगळे धडाधड खिडक्या लावून घेतात. घरात वास नको! डेंग्यूचा डास असतो घरात. पडद्यामागे, पलंगाखाली, दाराला टांगलेल्या पँटच्या घडीत. धूर फिरत असतो बाहेर गुलमोहराखाली. दोघांची गाठ काही पडत नाही. तरी रात्री जेवताना सगळे म्हणतात, “आज जरा कमी वाटतायत, नाही?”

धुराने मरतो तो त्या घटकेला हवेत असलेला डास. पाण्यातल्या अळ्यांना धुराची खबरही लागत नाही, आणि आठ-दहा दिवसांत नवी फौज उडायला तयार होते. हे पालिकेला ठाऊक असतं, धूरवाल्यालाही ठाऊक असतं. मी त्याला एकदा विचारलंच की याने डास जातात का? यंत्र बंद करून, रुमाल खाली ओढून तो म्हणाला, “फोन जातात, साहेब. हापिसात येणारे.”

खरं काम करणाऱ्या बाई येतात सकाळी अकराला, आणि त्यांची वाट कुणीच पाहत नसतं. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, हातात बॅटरी आणि काखेत रजिस्टर. बेल वाजली की आधी आतून ‘काही नकोय’ असं उत्तर येतं. आमच्या शेजारच्या काकू तर सेफ्टी डोअर न उघडताच बोलतात. पण या ताई चिवट.

“काकू, पाणी साठवलेलं आहे का कुठे?”

“छे! आमच्याकडे रोज दोनदा पुसतात. घाण म्हणून नाही.”

“घाण नाही विचारत. पाणी विचारतेय. फ्रिजच्या मागचा ट्रे बघू?”

“फ्रिजला मागे ट्रे असतो?”

इथे काकूंचा बालेकिल्ला ढासळतो. ताई आत येतात, फ्रिजमागे बॅटरी मारतात, कुंड्यांखालच्या बशा तपासतात, आणि मग टीव्हीशेजारी निळ्या बाटलीत डौलाने वाढलेल्या मनीप्लांटपाशी थांबतात. बाटलीतलं पाणी पांढऱ्या थाळीत ओततात. पहिल्यांदा काही दिसत नाही. मग स्वल्पविरामाएवढं काहीतरी वळवळतं, पाण्याच्या पृष्ठभागाशी येतं आणि शेपटीकडचं टोक वर करून डोकं खाली ठेवून तिरकं लटकतं. शेपटीकडच्या नळीतूनच ते श्वास घेत असतं. बॅटरीचा उजेड पडला की नागमोडी उड्या मारत तळाला पळतं. “ही एडिसची, डेंग्यूच्या डासाची,” ताई म्हणतात. “मलेरियाची असती तर पाण्याला लागून आडवी पडून राहिली असती.” काकू पदर तोंडाला लावून बघत राहतात. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा अपमान जास्त असतो. डास झोपडपट्टीत होतात, नाल्यावर होतात, फार तर समोरच्या सोसायटीत होतात. आपल्या दिवाणखान्यात, फिल्टरच्या पाण्यात?

पण एडिस बाई खानदानी आहेत. गटारात त्या सहसा पाऊल टाकत नाहीत. स्वच्छ पाणी, सावली, शांतता आणि जवळपास माणसांची वस्ती एवढं त्यांना पुरतं. थोडक्यात, ज्या जाहिराती वाचून आपण फ्लॅट घेतो, त्याच वाचून त्याही येतात. चावतात दिवसाढवळ्या, त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावून निश्चिंत झोपणाऱ्यांचं त्यांना काही वाटत नाही.

ताई पाणी कुंडीतल्या मातीत ओततात, बाटली आतून घासायला सांगतात आणि चौकटीवर खडूने तारीख टाकतात. काकूंचा जीव मात्र त्या खडूत अडकलेला. “दारावर नका ना लिहू. आताच पॉलिश केलंय. आणि लोक वाचतात.”

आपल्याला धूर चालतो, चौकशी चालत नाही, हे काही आजचं नाही. 1911 साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते शहरातल्या विहिरींवर आणि टाक्यांवर. मुंबईत ताप पसरवणारा ॲनॉफिलीस स्टिफेन्सी हाही स्वच्छ पाण्याचा शौकीन निघाला. मग विहिरी झाका, नाही तर बुजवा, असं सुरू झालं आणि गहजब उडाला. विहीर म्हणजे काय नुसतं पाणी? तिथे कुणाची पूजा, कुणाची प्रार्थना, कुणाच्या आजोबांचं नाव. मुंबईत आजही नियम आहे की इमारतीची टाकी डासाला शिरता येणार नाही अशी घट्ट बंद हवी आणि तपासणाऱ्याला वर चढायला शिडी हवी. शंभर वर्षांपूर्वीचा तो वाद या शिडीच्या रूपाने गच्चीवर उभा आहे.

त्याआधी 1897 च्या 20 ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. त्या आनंदात त्यांनी कविता केली. ज्या रुग्णाला डास चावू दिले, त्या हुसेन खानला दर डासामागे एक आणा मिळाला, असं सांगतात. आमच्या सोसायटीत हा दर लागू झाला तर मेंटेनन्सचा प्रश्न कायमचा मिटेल.

रॉस यांच्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी सरकारही घराघरांत शिरलं. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे, असा अंदाज होता. 1953 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीचे पंप घेतलेली पथकं खेडोपाडी फिरली, आणि तापाच्या माणसाचं बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेणारा ‘मलेरियावाला’ दारोदार जाऊ लागला. जुनी माणसं सांगतात, तो दिसला की पोरं माळ्यावर लपायची. फवारलेल्या भिंती पांढुरक्या दिसतात म्हणून बायामाणसं लगोलग सारवून घ्यायची आणि डीडीटी शेणाखाली गडप व्हायचं. तरीही 1965 पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. एवढं यश मिळाल्यावर जे होतं तेच झालं. आता राहिलंच काय, असं म्हणत हात ढिले पडले, डासही डीडीटीला सरावले, आणि 1976 साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. मलेरियावाला दारात येत होता तोवर तो लोकांना नको होता. यायचा थांबला तेव्हाही कुणी तक्रार केली नाही.

काकूंची बाजू घ्यावी असंही एक प्रकरण आहे, ते म्हणजे पिंप. नळाला पाणी दिवसाआड, कधी दोन दिवसांआड. मग दोनशे लिटरचं निळं पिंप बाल्कनीत येणारच. आमच्या आज्यांच्या काळी पाणी शिळं झालं की ओतून देत, आणि तांब्याचा हंडा चिंचेने घासून लख्ख केल्याशिवाय त्यात ताजं भरत नसत. पालिका आज सांगते तो आठवड्याचा ‘कोरडा दिवस’च सोवळ्याच्या नावाखाली चालत होता. आणि घासणंच महत्त्वाचं, कारण एडिसची अंडी चिकटतात भांड्याच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. पाणी ओतलं तरी ती तिथेच बसतात, महिनोन् महिने कोरडी राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. पण पिंप कोण ओतणार? अर्धं झालं की वरून भर घालायची, एवढंच. टंचाईच्या दिवसांत शंभर लिटर पाणी मोरीत सोडायला सांगणाऱ्या ताईकडे लोक जसं बघतात, तसं चोराकडेही बघत नसतील.

पाणीवाले नळ बंद ठेवतात, म्हणून आपण साठवतो, म्हणून डास होतात, म्हणून आरोग्यवाले येतात. हे दोन्ही विभाग एकाच इमारतीत बसतात. जिना वेगळा असावा. गेल्या पावसाळ्यात आमच्या सूचना फलकावर दोन पत्रकं शेजारी शेजारी लागली होती. पहिल्यात: गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी कमी दाबाने, तरी नागरिकांनी पुरेसा साठा करून ठेवावा. दुसऱ्यात: शुक्रवार हा कोरडा दिवस, तरी नागरिकांनी साठवलेलं सर्व पाणी ओतून भांडी घासून पालथी घालावीत. सेक्रेटरींनी दोन्हींवर ‘तात्काळ अंमल करावा’ असा शेरा मारून सही ठोकली होती.

ताई आल्या तेव्हा काकूंनी त्यांना जिन्यातच गाठलं. एरवी सेफ्टी डोअरच्या आड असणाऱ्या काकू चक्क बाहेर आल्या होत्या. “आता तुम्हीच सांगा, भरू की ओतू?”

ताईंनी दोन्ही पत्रकं शांतपणे वाचली. “भरा. पण आधी आतून काथ्याने घासा, आणि वरून फडकं ताणून बांधा. दोरी घट्ट हवी.”

“जुनी साडी चालेल?”

“सुती, जाड असेल तर चालेल. शिफॉनची नको. विरळ असते, बाई बरोबर भोक शोधतात.” आणि त्यांनी रजिस्टरमध्ये नोंद करून समोरची बेल वाजवली.

“काही नकोय,” आतून आवाज आला.