फाशांचा मुनीम

दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्या पुण्यातल्या बैठकीच्या खोलीत पाच माणसं जमतात, चहा होतो, फासे बाहेर येतात आणि पुढचे चार तास आम्ही ड्रॅगन मारतो. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. मी त्यातला डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षसांच्या वतीनं फासे टाकणारा आणि भांडणं सोडवणारा. बाकीच्यांतले तिघं आपापलं पात्र घेऊन येतात. चौथा ताळेबंद घेऊन येतो.

त्याला आम्ही मुनीम म्हणतो. खेळणाऱ्यांच्या भाषेत हा मिन-मॅक्सर: नको तिथे किमान, हवं तिथे कमाल. पात्र बनवायला 27 गुण मिळतात. ते ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप अशा सहा खात्यांत वाटायचे. शेजारच्या काकू पहिल्यांदा खेळायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी सगळीकडे थोडं थोडं घालते बाई, उगाच कुणावर अन्याय नको." त्यांच्या काटकपणाच्या चौकटीत तेरा पडले. मुनीमानं कप खाली ठेवला.

"काकू, तेरा हे पाप आहे. बाराला जो फायदा तोच तेराला. वरचा एक गुण गटारात."

"असू दे. पुढेमागे उपयोगी पडेल."

त्या रात्री हा माणूस नीट झोपला नसावा.

त्याच्या स्वतःच्या पात्राची बुद्धी कायम आठ. त्याहून कमी ठेवायला नियमच परवानगी देत नाही. लढाईत बुद्धी लागत नाही, मग तिच्यावर खर्च कशाला, असा सरळ हिशेब. एकदा मी दारावर स्फिंक्स बसवून कोडं घातलं. अठरा बुद्धीची मांत्रिक झालेली आमची मैत्रीण डोकं धरून बसली आणि आठ बुद्धीच्या या ठोंब्यानं, चिवड्यातले दाणे वेचता वेचता, तीन सेकंदांत उत्तर दिलं. मी हरकत घेतली, तर म्हणाला, "मी पात्राच्या तोंडून कुठे बोललो? मी चिवडा खात होतो."

पात्राची कहाणी मात्र तो मनापासून लिहितो, पण उलटीकडून. आधी आकडे, मग त्यांना साजेसा जन्म. आताचा त्याचा नायक दोन पातळ्या पॅलाडिन, एक पातळी वॉरलॉक आणि उरलेला सॉर्सरर आहे. म्हणजे आधी त्यानं देवापुढे शपथ घेतली, मग एका शापित तलवारीशी करार केला आणि मग अचानक पणजोबा ड्रॅगन निघाले. वॉरलॉकची ती एक पातळी घेतली की तलवार ताकदीऐवजी छापेवर चालते, हे 2017च्या पुस्तकात आहे. माणसाच्या अंगात बळ नाही, नुसती वट आहे आणि तेवढ्यावर तो समोरच्याला आडवा करतो. एखाद्या सरकारी कचेरीत ज्यानं दुपार काढली आहे, त्याला यात जादू वाटणार नाही.

जुन्या आवृत्त्याही त्याला पाठ आहेत. 2003च्या आवृत्तीत दहा फुटी शिडी पाच तांब्याच्या नाण्यांना आणि दहा फुटी काठी दोन चांदीच्या नाण्यांना होती. एका चांदीची दहा तांब्याची. तेव्हा हा गावात शिरला की ड्रॅगनची चौकशी न करता शिड्या विकत घ्यायचा, पायऱ्या उपटायचा आणि दोन-दोन काठ्या अर्ध्या किमतीत विकायचा. पाचाचे वीस! मोहीम तीन आठवडे सुताराच्या दुकानातून हलली नाही. 2014च्या आवृत्तीत शिडी एक चांदीला आणि काठी पाच तांब्याला झाली, म्हणजे दोन काठ्या बरोबर एका शिडीला. ते पान बघून तो गप्पच झाला. घरातलं कुणी गेल्यासारखा.

ही जात नवी नाही. खेळ बाजारात आला 1974 साली आणि पुढच्याच वर्षी त्याच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी 'टूम ऑफ हॉरर्स' हे प्राणघातक थडगं रचलं. आमचं पात्र अजिंक्य आहे म्हणणाऱ्यांची मस्ती उतरवायला. तेव्हापासून पुस्तकवाले भोकं बुजवताहेत आणि मुनीम नवी शोधताहेत. 2008च्या चौथ्या आवृत्तीत लढवय्या आणि मांत्रिक यांना एकाच मापानं मोजायचा प्रयत्न झाला, तर सगळे सारखेच वाटतात म्हणून ओरड झाली. शेवटी 2024च्या मार्गदर्शिकेत छापावं लागलं की, माणसांची लांबलचक रांग लावून भाला हातोहात पुढे दिल्यानं तो प्रकाशाच्या वेगानं सुटत नाही. असं छापावं लागतं म्हणजे कुणीतरी ती रांग लावली होती.

माझं त्याच्याशी खरं वाजलं ते ट्रोल नावाच्या राक्षसावरून. ट्रोलचा जीव 84. मुनीमानं तो दुसऱ्या फेरीतच आडवा केला. बाकीच्यांची शस्त्रं अजून उपसायची होती. पुढच्या रविवारी मी जीव 168 केला आणि मारही वाढवला. मुनीमाला ओरखडा आला. मांत्रिक मेली, काकू मरता मरता वाचल्या.

"संतुलन राखणं तुझं काम आहे, मास्तर. मी नियमाबाहेर काही केलं?"

नव्हतंच केलं. पण तराजू पुस्तकात नसतो, टेबलावर असतो. चार मुनीम एकत्र खेळले तर मी त्यांच्यावर पाच ड्रॅगन सोडीन; चार काकू असतील तर त्यांना एक गोब्लिन संध्याकाळभर पुरेल, त्याला त्या जेवायलाही वाढतील. पंचाईत दोघं एकाच सतरंजीवर बसल्यानं होते.

म्हणून मी त्याला म्हटलं, तुझं पात्र पुरे झालं, आता काकूंचं बघ. काकूंचा शाहीर म्हणजे मुनीमाच्या लेखी बुडीत कर्ज. सगळे गुण विखुरलेले, पाठीवर तलवारीऐवजी पातेलं. ते टाका म्हटलं तर काकू ऐकेनात. दोन रविवार तो पुस्तकं चाळत बसला. तिसऱ्या रविवारी दारातूनच ओरडत आला, चप्पल पायात तशीच. 2020च्या पुस्तकात 'शेफ' नावाचं एक कौशल्य त्याला सापडलं होतं. विश्रांतीच्या वेळी या पात्रानं रांधून वाढलं की सोबत्यांचे घाव जास्त भरतात, शिवाय करून ठेवलेला खाऊ खाल्ला की अंगात थोडा जादा जीव येतो.

"आणि काकू, ते घेतलं की काटकपणात एक वाढतो! तेराचे चौदा! फायदा सुरू!"

"मी म्हटलं नव्हतं?" काकू म्हणाल्या आणि चौदाचा आकडा पेन्सिलीनं ठळक केला.

काकू त्या खाऊला लाडू म्हणतात. पाचव्या पातळीपासून ते एका खेपेला तीन होतात. दोन लाडवांचा फायदा एका वेळी बेरीज होत नाही, हे वाचून मुनीमानं वेळापत्रक आखलंय: एक पहिल्या लढाईआधी, एक दुसऱ्या. दोन्ही तोच खातो. तिसऱ्यावर आमची मैत्रीण डोळा ठेवून असते.