सातबारा कुणाच्या नावावर?

न्यू जर्सीतल्या आमच्या वाचनगटाचा एकच नियम आहे: पुस्तक वाचून यायचं. तो पाळल्याचं ऐकिवात नाही. त्या शनिवारी विषय होता न्यू नेदरलँड. आज ज्या जमिनीवर आम्ही घराचे हप्ते फेडतोय, तिथलं डचांचं राज्य. मी टिपणं काढून गेले होते. "१६२६ साली डचांनी मॅनहॅटन बेट साठ गिल्डरांच्या मालाच्या बदल्यात घेतलं," एवढं म्हणाले, आणि चर्चा माझ्या हातून गेली.

"खरेदीखत कुठाय?"

हे नाना. यजमानांचे वडील, निवृत्त तलाठी, लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मूळ खत सापडत नाही, मी सांगितलं. हेगच्या दप्तरात एक पत्र आहे. त्यात बेट एका वाक्यात उरकलंय, मग जहाजातल्या मालाची यादी: बीव्हरची कातडी ७,२४६, आणखी कायकाय.

"कातडी मोजली, पण विकणाऱ्याचं नाव नाही?"

"'रानटी लोक', एवढंच लिहिलंय."

नानांनी बशी खाली ठेवली. नाव नाही म्हटल्यावर त्यांना चहा गोड लागेना. तिथल्या लेनापे लोकांत जमीन कायमची विकायची रीतच नव्हती, वापरायला देत, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे डच कूळ! कसेल त्याची जमीन."

"कसली कुणी?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "डच कंपनीनं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी."

कढईतल्या वड्यांचा तेवढा आवाज.

मग मी घाईनं स्टायव्हसंटकडे वळले. लाकडी पायाचा हा गव्हर्नर. १६६४ मध्ये इंग्रजांची जहाजं बंदरात आली, त्यांचं समजुतीचं पत्र त्यानं फाडलं. गावकऱ्यांनी तुकडे जुळवून वाचलं. लढू नका, अशा अर्जावर त्र्याण्णव सह्या झाल्या. एक त्याच्या पोराची.

"पोराची!" नाना लेकाकडे बघत म्हणाले. लेक फोनमध्ये.

गोळी न झाडता गाव गेलं. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं तो मुलूख डचांच्या हातात असतानाच धाकट्या भावाला देऊन टाकला होता. हाच चार्ल्स, ज्याला आपली मुंबई हुंड्यात मिळाली आणि ज्यानं ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिली.

दादरला फ्लॅट असलेले तिघे एकदम सरसावून बसले. दहा पौंड! कुणी मोबाईलवर रुपये करायला घेतले, कुणी चौरस फूट.

नानांनी चष्मा पुसला. "आणि तो भाडेकरार," ते म्हणाले, "नोंदवला होता ना?"