घरपोच कविता

प्रत्येक सोसायटीत पाण्याच्या मोटारीचा एक जाणकार असतो, तसा कवितेचाही असतो. आमच्याकडे ते कविताकाका. बँकेतून निवृत्त. खांद्याला शबनम, तिच्यात कवितांच्या झेरॉक्स. विंदा, बापट आणि पाडगावकर गावोगाव कविता वाचत हिंडायचे, ते काकांनी तरुणपणी ऐकलंय. ते तिघे गेले, तेव्हा खातं आपल्याकडे वर्ग झालं अशी काकांची समजूत आहे.

"कविता सामान्य माणसापर्यंत पोचली पाहिजे," हे ते शक्यतो लिफ्टमध्ये म्हणतात. तिथून सामान्य माणसाला पळता येत नाही.

वाटपाला मात्र बँकेची शिस्त. कष्टकऱ्याला नारायण सुर्वे, बाईमाणसाला बहिणाबाई. वर अर्थ फुकट, आणि तो कवितेपेक्षा लांब. काका "सोपं करून सांगतो" म्हणाले, की गॅस बंद करून यावं.

इलेक्ट्रिशियन शिडीवर चढला होता, तेव्हा काकांनी शिडी धरून त्याला १९६२ सालच्या 'ऐसा गा मी ब्रह्म'ची पार्श्वभूमी ऐकवली. तो वरून म्हणाला, "कामाचं नको काका, काम रोजचंच आहे. पाडगावकरांचं पावसातलं प्रेमबिम असेल तर बघा."

भाजीवाल्या मावशींना सांगितलं, की बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलानं गाणी जपली, १९५२ साली पुस्तक निघालं.

"मग बाईला काय मिळालं?" मावशींनी मेथीची जुडी बांधत विचारलं.

"त्या आदल्याच वर्षी वारल्या."

मावशींनी त्या दिवशी मेथीचा एक रुपया कमी केला नाही.

खरा घोटाळा झेरॉक्सच्या दुकानात झाला. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी मराठीत एमए करते, तिचे कागद काकांच्या गठ्ठ्यात मिसळले आणि रात्रपाळीच्या वॉचमनला चक्क ग्रेस गेले. 'संध्याकाळच्या कविता'मधले! काका सकाळी चप्पल न घालताच खाली धावले.

"कळलं का काही?"

"नाय."

"मग आणा इकडं. चुकून आली ती."

"ऱ्हाऊ द्या की. तुमची नेहमीची साडेदहालाच संपती. ही उजाडेपर्यंत पुरली. दुसरी हाय का?"

काका हल्ली संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर शिकवणीला जातात. ती मुलगी नुसती वाचून दाखवते, अर्थ सांगतच नाही, अशी त्यांची तक्रार आहे.