काढायचं कुणी?

विंडोजवरचं एखादं सॉफ्टवेअर उडवताना ते नेमकं कोण उडवतं, हे कधी पाहिलंय? बहुतेक वेळा विंडोज नाही. ज्या कंपनीला तुम्ही घालवायला निघालात, तिनंच लिहिलेला अनइन्स्टॉलर ते काम करतो. १९९५ साली विंडोज ९५ मध्ये ‘ॲड/रिमूव्ह प्रोग्राम्स’ आलं. त्या यादीमागे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, प्रत्येक सॉफ्टवेअरनं स्वतः लिहून ठेवलेली ‘अनइन्स्टॉलस्ट्रिंग’ नावाची नोंद असते. बटण दाबलं की विंडोज त्या नोंदीतला प्रोग्राम चालू करतं आणि बाजूला होतं. भाडेकरूला घर सोडायला सांगायचं, आणि घर रिकामं झालं का हेही त्यालाच विचारायचं!

मग तो जाताना काय करतो? ‘नक्की जायचंय?’ विचारतो, ‘राहू द्या’चं बटण ठसठशीत रंगात दाखवतो, ब्राउझर उघडून कारण विचारतो. गेल्यावरही अनेकदा ॲपडेटा या फोल्डरात त्याचं फोल्डर उरतं, आणि कधी कधी कॉम्प्युटर सुरू झाला की त्याचा अपडेटर जागा होतो. हा कचरा काढायला लोक रजिस्ट्री क्लीनर उतरवतात, म्हणजे घरात आणखी एक पाहुणा. असे क्लीनर वापरण्याला आमचा पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. नंतर आलेल्या विंडोज इन्स्टॉलरनं आणि स्टोअरनं शिस्त आणली खरी, पण जुनी वाट कुणी बंद केली नाही.

हे असंच असावं लागतं, हे मला मान्य नाही. डेबियनवर आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूवर पॅकेज टाकलं की त्यातल्या एकूण एक फाइलचा पत्ता सिस्टिम स्वतःच्या यादीत लिहून ठेवते. काढताना तीच यादी वाचते. ‘रिमूव्ह’ म्हटलंत तर सेटिंग राहतात, ‘पर्ज’ म्हटलंत तर सिस्टिमभरची सेटिंगही जातात, आणि सोबत आलेल्या, आता कुणालाच नको असलेल्या लायब्रऱ्या ‘ऑटोरिमूव्ह’ झाडून नेतं. तुमच्या होम फोल्डरला मात्र हात लागत नाही, आणि लागूही नये. तो माल तुमचा आहे.

तिथंही घोळ झालाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या एका व्हिडिओत यूट्यूबवरच्या लिनस सेबॅस्टियननं उबुंटूवरच बेतलेल्या पॉप ओएसवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. पॅकेजांच्या आपसातल्या भांडणात सिस्टिमनं अख्खा डेस्कटॉपच काढायला घेतला आणि ‘येस, डू ॲज आय से!’ असं टाइप करायला लावलं. त्यानं केलं, आणि डेस्कटॉप गेला. लोक त्यालाच हसले. मला ते पटलं नाही. गेमसाठी डेस्कटॉपचा बळी मागणारं पॅकेज लोकांपर्यंत पोचलंच कसं, हा खरा प्रश्न होता. फरक इतकाच की काय काय जाणार, ते पडद्यावर आधी छापून आलं होतं. आणि एपीटी या डेबियनच्या पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीनं ते वाक्य टाइप करून सुटायची सोयच काढून घेतली. आता असं काही करायचं तर वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.

मायक्रोसॉफ्ट विंडोजवरची ती जुनी वाट बंद करेल तेव्हा करेल. तोवर ऑफिसात सॉफ्टवेअर विकायला कुणी आलं, की विकत घेण्याआधी ते टाकून, मग काढूनही दाखवायला सांगा. काढल्यावर ॲपडेटाचं फोल्डर उघडा, स्टार्टअपची यादी उघडा, आणि काय उरलंय ते त्याच्यासमोरच मोजा.